बावीस दिवसांचं काम

१

डिझाइन गेलं हे समराला गुरुवारी दुपारी अडीच वाजता कळलं आणि सिद्धरामला चार वाजता. मधल्या दीड तासात तिची नोकरी जवळजवळ गेलेलीच होती.

सिद्धराम घरी एकटा बसला होता. फोन अनोळखी नंबरावरून आला, म्हणून त्यानं उचलला. ओळखीचे नंबर तो मार्चपासून उचलत नव्हता. ओळखीची माणसं ‘कसे आहात’ म्हणून विचारतात, आणि मग काहीतरी उत्तर द्यावं लागतं.

"सिद्धरामभाऊ, शिवशरण बोलतोय. आईच्या, अव्वाच्या फोनवरून करतोय, माझा तुम्ही उचलत नाही. या जरा सात रस्त्याला. आपलं देऊळ गेलं."

"कुठलं देऊळ?"

"कमलाभवानीचं हो. कॉम्प्युटरातलं. बावीस दिवसांचं काम पुसलं गेलं."

सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत शिवशरणचं ऑफिस होतं. खाली ऑफिस, वर घर. चादर, टॉवेल आणि भिंतीवर टांगायचे पडदे विणायला मागाला डिझाइन लागतं. हातानं काढलेलं चित्र स्क्रीनवर घ्यायचं, त्याचे बारीक चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन रंगानं भरायचा. एक चौकोन म्हणजे एक धागा. करमाळ्याच्या एका व्यापाऱ्यानं कमलाभवानीच्या देवळाचा पडदा विणून मागितला होता. सोमवारी डिझाइन मागावर चढायचं होतं.

सिद्धराम पोचला तेव्हा सगळे उभेच होते. समरा भिंतीला टेकून. ती सव्वीस वर्षांची, पाच वर्षं याच खुर्चीवर डिझाइन भरत आलेली. मल्हार दाराशी. तो गिऱ्हाइकं आणायचा, मूळचा करमाळ्याकडचा. बजाबाई झाडू धरून कोपऱ्यात. आणि शिवशरण मधोमध, हात मागं बांधून.

"तिनं अपडेट लावलं," शिवशरण म्हणाला. "दोन वाजता मी खाली आलो तर स्क्रीनवर टक्के पळत होते. ही समोर बसलेली. चालू झालं तर देऊळ नाही."

"मी न्हाई लावलं, अप्पा. मी जेवून आले, मॉनिटर लावला, तर ते आधीच चालू होतं."

"आपोआप चालू झालं म्हणे," मल्हार म्हणाला. "लई शाणं मशीन हाय. अप्पा, पुण्याचं सांगा की त्यास्नी."

समराचा चेहरा उतरला. शिवशरणनं सिद्धरामला बाजूला घेतलं. "तिला पुण्याला नोकरी लागलीय. मला आजच कळलं. जाता जाता पुसून चालली असं मल्हार म्हणतो. मला पटत नाही. पण दुसरं काही सुचतही नाही. सोमवारपर्यंत काय झालं ते सांगा. नाहीतर ती सोमवारी येणार नाही, आणि दुसरीकडे कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगेन."

दुसरीकडे म्हणजे पुण्याला. एका फोनवर तीही नोकरी जाणार होती.

सिद्धराम संगणकासमोर बसला. मार्चनंतर पहिल्यांदाच. एरवी या यंत्रासमोर त्याची बायको विजयमाला बसायची.

२

या ऑफिसातला संगणक सिद्धराम आणि विजयमालानं चार वर्षांपूर्वी बसवला होता. तो शाळेत संगणक शिकवून निवृत्त झालेला, ती त्याच्याबरोबर शिकलेली. त्यांनी शिवशरणला फुकट मिळणारी प्रणाली घालून दिली. जगभरातली माणसं ती मिळून बनवतात आणि दर आठवड्याला काहीतरी दुरुस्त करून पाठवतात. ती दुरुस्ती म्हणजे अपडेट.

यंत्राची नाडी सिद्धरामला कळायची, माणसांची विजयमालाला. दर दुसऱ्या शनिवारी ती इथं यायची. समराजवळ बसायची, कुठली फाइल कुठं आहे ते एकेक विचारायची, प्रत बाजूला ठेवायची, मग स्वतः अपडेट लावून यंत्र परत चालू होईस्तोवर बसून राहायची. तिच्याशिवाय हे यंत्र कुणी बंद करत नसे. शिवशरणचा तसा नियमच होता. जुना संगणक एकदा दिवाळीत बंद केला तो चार दिवस उठला नव्हता. तेव्हापासून इन्व्हर्टरवर यंत्र अखंड चालू, आणि जेवायला किंवा घरी जाताना फक्त मॉनिटर बंद.

मार्चमध्ये विजयमाला गेली. अपडेट साचत राहिले. आठ महिने.

"समरा, इकडं बस," सिद्धराम म्हणाला. बाकीचे वर चहाला गेले होते. "डिझाइन सेव्ह करत होतीस?"

"दर तासाला, काका. अल्ला की कसम. अब्बा मागावर काम करतात, त्यांनी शिकवलंय, धागा तुटायच्या आधी गाठ मारायची."

"कुठं सेव्ह करत होतीस?"

"जिथं होतं तिथंच. रोज सकाळी यादीत पहिलंच नाव असायचं, ते दाबायचे."

"आणि पहिल्या दिवशी? चित्र आलं कुठून?"

"करमाळ्याच्या शेटनी मेल केलं होतं. मेलमधनंच उघडलं आणि कामाला लागले."

सिद्धरामनं डोळे मिटले. अर्धं उत्तर मिळालं होतं.

मेलमधून थेट उघडलेलं चित्र यंत्र एका तात्पुरत्या जागी ठेवतं. पाहुण्याला ओसरीवर बसवावं तसं. समरा दर तासाला सेव्ह करत होती, पण ते सगळं त्या ओसरीवर साठत होतं. यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झालं की ही जागा झाडून साफ होते. यंत्र कधी बंदच झालं नाही, म्हणून बावीस दिवस काही बिघडलं नाही. आणि ओसरीवर काम चाललंय हे यंत्रानं तिला एका अक्षरानं सांगितलं नाही.

"म्हणजे माझीच चूक?" समरानं विचारलं.

"तुला कुणी सांगितलं नव्हतं."

"काकू असत्या तर विचारलं असतं त्यांनी. फाइल कुठाय गं, म्हणून."

मग त्यानं पुसलेलं परत मिळतं का ते पाहिलं. एरवी थोडंफार मिळतं. पण आठ महिन्यांचे अपडेट एकदम आले होते आणि त्यांनी मोकळ्या झालेल्या जागेवर नवा माल भरून टाकला होता. देवळाचा कळससुद्धा शिल्लक नव्हता.

"एक ते दोन तू कुठं होतीस?"

"गच्चीवर. डबा खात होते."

ती खोटं बोलत होती. तीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला तेवढं कळतं.

३

शुक्रवारी सकाळी त्यानं मल्हारला गाठलं.

"काल एक ते दोन कुठं होतास, मल्हार?"

"च्याला गेलतो की, सात रस्त्याला. रोजच जातो. तुमी काय पोलीस हाय का काका?"

"नाही. संगणकवाला आहे."

"मग मशीनला इचारा."

मागं भांडी घासत बसलेल्या बजाबाईनं तोंड उघडलं. "च्याला गेलता व्हय? आन देड वाजता टेबलापाशी कोण उभं व्हतं? तुजं भूत?"

"गप ए म्हातारे."

"म्हातारी तुजी सासू. सायेब, म्या सव्वाला टाकीवर पानी सोडाय गेले, देडला खाली आले, तर ह्यो समराच्या टेबलापाशी वाकून व्हता. मला बगून चरकला."

मल्हारनं स्टूल ओढलं. मग तो बसला.

"कागद पडलावता खाली. तिच्या पिशवीतनं. पुण्याच्या कंपनीचा. म्या वाचला आन अप्पास्नी सांगितलं. एवडंच. मशीनला हात लावला न्हाय."

"का सांगितलंस?"

"माजी भाची हाय, रुपाली. टेंभुर्णीत ह्येच शिकून घरी बसलीय. ही जाणारच हाय तर जागा तिला मिळंल. ह्यात काय पाप हाय का?"

"आणि डिझाइन पुसलं म्हणून सांगितलंस ते?"

"त्ये माज्या मनानं जोडलं," मल्हार खाली मान घालून म्हणाला. "पन पुसलं तर हायेच की कुनीतरी."

सिद्धराम बाहेर आला तर समरा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. तिनं न बोलता स्वतःचा फोन पुढं केला. काल दुपारी एक वाजून पाच मिनिटांपासून एक एकतीसपर्यंत पुण्याच्या नंबराशी बोलणं झालेलं दिसत होतं.

"इथंच उभी होते, काका. हाटेलवाल्या चाचांनी बघितलंय. पगार, राहायचं, सगळं ठरवत होते. गच्चीवर नव्हते."

"मग हे अप्पांना दाखव की."

"हे दाखवलं तर ते म्हणतील, बघा, जायचंच ठरलं होतं. मी केलं नाही याचा पुरावा हाच, आणि मी केलं असं वाटायचं कारणही हेच. सांगा, कुणाला दाखवू?"



४

संगणक स्वतःची रोजनिशी लिहितो. किती वाजता काय झालं, सेकंदापर्यंत. ती वाचायला वेळ आणि एकटेपणा लागतो. सिद्धरामकडे दोन्ही होतं. शुक्रवारची दुपार त्यानं त्यातच घालवली.

दोन नोंदी त्यानं वहीत उतरवून घेतल्या.

एक वाजून बारा मिनिटं आठ सेकंद: सीपीयूवरचं चालू-बंदचं बटण दाबलं गेलं.

एक वाजून तेरा मिनिटं आठ सेकंद: अपडेट बसवून यंत्र बंद करायला सुरुवात.

समरा तेव्हा फोनवर होती. मल्हार दीडला आला, तोवर अपडेट सुरू होऊन गेलेलं. बजाबाई पाणी सोडायला सव्वाला गेली, म्हणजे सव्वापर्यंत ती खालीच होती. त्यानं तिला बोलावलं.

"सव्वाच्या आधी कुठं होतीस, बजाबाई?"

"मागं न्हाणीत, भांडी घासत. हितनं दिसत न्हाय काय."

"काही ऐकलंस?"

"मशीन फुरफुरत व्हतं. बैल धापा टाकतो तसं. म्या म्हनलं, अमावस्या हाय, असंल काय तरी."

"कुणी आत आलं?"

"कोन येतंय? कुनी सुदीक न्हाय. घरच्या मान्सांबिगर."

तिनं हे इतक्या सहज म्हटलं की सिद्धरामच्याही कानावरून ते गेलं.

सहज म्हणून त्यानं सीपीयूचं बटण न्याहाळलं. पुढच्या बाजूला, गोल, रुपयाएवढं. त्याच्या भोवतीच्या खाचेत पांढरी धूळ बसलेली होती. सूतगिरणीच्या गावात धूळ असायचीच. त्यानं लक्ष दिलं नाही.

त्याला सतावत होतं ते दुसरंच. आठ सेकंद आणि आठ सेकंद. मध्ये बरोबर साठ. माणूस बटण दाबतो, स्क्रीनवर प्रश्न येतो, माणूस होय म्हणतो. याला तीन सेकंद लागतात, फार तर दहा. बरोबर साठ कुणाला लागतात?

घरी गेल्यावर त्यानं स्वतःच्या संगणकाचं बटण दाबून पाहिलं. स्क्रीनवर चौकट आली. ‘यंत्र साठ सेकंदांत आपोआप बंद होईल.’ खाली लहान अक्षरांत ‘राहिलेले अपडेट बसवा’, आणि त्यापुढं बरोबरची खूण आधीच केलेली. आकडा उतरत गेला. एकोणसाठ, अठ्ठावन्न. त्यानं कशालाही हात लावला नाही. घरात पंख्याशिवाय आवाज नव्हता. एकटं बसून मोजलं की साठ सेकंद फार होतात. चौकट उत्तराची वाट पाहत होती, आणि उत्तर आलं नाही तेव्हा तिनं ते होकार म्हणून धरलं.

शून्य झालं आणि स्क्रीन काळी पडली.

म्हणजे काल ऑफिसात कुणीच होय म्हटलं नव्हतं. मॉनिटर बंद होता. चौकट आली ती कुणाला दिसलीच नाही. बंद पडद्याआड ती साठ सेकंद मोजत राहिली.

पण बटण दाबलं होतं. आणि एक वाजून बारा मिनिटांनी त्या खोलीत कुणीच नव्हतं.

५

शनिवारी तो पुन्हा गेला तेव्हा जिन्यावरून हाक आली. "सिद्धराम, वर ये रे."

शिवशरणची आई अक्कम्मा. वय ऐंशीच्या पुढं, अक्कलकोटकडच्या माहेरची. निम्मी मराठी, निम्मी कानडी. तिनं त्याला पाटावर बसवलं आणि पहिला प्रश्न केला, "ऊटा आत येन?"

जेवलास का, असं. आठ महिन्यांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. खोटं सांगावं असं त्याला वाटलं नाही.

"नाही, अव्वा."

तिनं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही पुढं ठेवलं. त्यानं भाकरी मोडली.

"बायको गेल्यावर चव लागत नाही न्हवं?" ती म्हणाली. "माझा नवरा जाऊन एकोणीस वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी भाकरी नुसती गिळली. त्याचा हातमाग होता खाली, आता कॉम्प्युटर हाय तिथंच. मी रोज मागाशी जाऊन बसायची. हा शिवशरण म्हणायचा, अव्वा, वर चल. मी म्हणायची, वर कोण हाय?"

सिद्धराम हसला. किती दिवसांनी हसला ते त्याला आठवलं नाही.

जेवण झाल्यावर ती देव्हाऱ्याशी गेली आणि वाटीत अंगठा बुडवून आली. "कपाळ कर इकडं. विभूती लावते."

तिनं अंगठा टेकवला आणि दाबला. हलकं बोट नव्हतं ते. सारी उमर मागाच्या ओढी ओढलेला हात. सिद्धरामचं डोकं मागं गेलं.

"केवढं दाबता हो, अव्वा."

"दाबल्याबिगर बसत नाही. हलकं लावलं तर पुसून जातंय."

त्यानं कपाळाला हात लावला. मग हळू विचारलं, "रोज लावता?"

"माणसांना रोज. यंत्रांना अमावास्येला. तो होता तेव्हा मागाला लावायची, आता खालच्या सगळ्याला लावते. तिजोरी, शिलाई मशीन, कॉम्प्युटर."

"कॉम्प्युटरला कुठं?"

"आधी तो डबा खाली फरशीवर असायचा. माझं गुडघं वाकत नाहीत, मग वरच्या काचेच्या कडेला लावायची. बजा फरशी धुते, पाणी जातंय, म्हणून पंधरा दिवसांमागं डबा चालूच उचलून टेबलावर ठेवला. आता बरोबर समोर आलंय त्याचं कपाळ."

"कपाळ?"

"ते गोल असतंय की पुढं."

सिद्धराम खाली आला. वहीचा कोरा कागद ओला करून त्यानं बटणाच्या खाचेतून फिरवला. कागदावर राख आली. राखाडी, मऊ, वासाची. सुताची धूळ नव्हती ती.

घरच्या माणसांबिगर, असं बजाबाई म्हणाली होती.

आता त्याला सगळं कळलं होतं, आणि कळल्याचा काही आनंद नव्हता. समराला सोडवायचं तर या म्हातारीचं नाव घ्यावं लागणार होतं. नवऱ्याच्या मागाच्या जागी ती एकोणीस वर्षं विभूती लावत आली होती. नाव नाही घेतलं तर सोमवारी समरा जाणार.

तो पुन्हा जिना चढून वर गेला आणि तिच्यासमोर बसला. जे झालं ते त्यानं सरळ सांगितलं.

अक्कम्मानं हात वर करून पाहिला. तिचा अंगठा अजून पांढरा होता.

"माझ्या हातानं गेलं?"

"तुमच्या अंगठ्यानं बटण दाबलं गेलं. देऊळ त्यानं गेलं नाही. तुम्ही म्हणत असाल तर तुमचं नाव न घेता काही..."

"येडा हायस का?" ती म्हणाली. "पोरीची भाकरी जातेय."

६

सोमवारी दहाला सगळे खाली जमले. समरा येऊन दाराबाहेरच उभी राहिली होती. तिला आत यायला अक्कम्मानंच सांगितलं. अक्कम्मा स्वतः पहिल्यांदाच संगणकासमोरच्या खुर्चीवर बसली.

"शिवशरणा, ते बटण मी दाबलं," ती म्हणाली. "विभूती लावताना. आता काय बोलायचं ते मला बोल."

शिवशरण आईकडं पाहतच राहिला. मल्हारनं टोपी काढून हातात घेतली.

"भाऊ, हे खरं?"

"खरं," सिद्धराम म्हणाला. "पण एवढंच नाही. नीट ऐका. अव्वांनी बटण दाबलं तेव्हा यंत्रानं प्रश्न विचारला. मॉनिटर बंद होता, तो तुमच्या नियमानं. प्रश्न कुणाला दिसला नाही. यंत्रानं साठ सेकंद वाट बघितली आणि कुणी नाही म्हटलं नाही म्हणून होय धरलं. रोजनिशीत बरोबर साठ सेकंद आहेत. माणसानं उत्तर दिलं असतं तर इतके बरोबर आले नसते. समरा तेव्हा गल्लीत फोनवर होती, हॉटेलवाल्यानं बघितलंय. मल्हार आला तो दीडला. ते झालं एक."

"आणि देऊळ?"

"देऊळ तात्पुरत्या जागी होतं. समरानं ते मेलमधून उघडलं आणि तिथंच सेव्ह करत राहिली. ती जागा पुसली जाते हे यंत्रानं तिला कधी सांगितलं नाही, आणि बंद होतानाही कामाची फाइल उघडी आहे की नाही ते पाहिलं नाही. हे दुसरं."

"म्हंजे मशीनच येडं म्हनायचं," मल्हार म्हणाला.

"तिसरं माझं आहे."

सगळे त्याच्याकडं पाहू लागले. त्यानं खिशातून स्वतःचा फोन काढला.

"विजयमाला दर दुसऱ्या शनिवारी येऊन हेच बघायची. ती गेल्यावर मी यायला हवं होतं. समरानं मला मे महिन्यात फोन केला, जुलैत दोनदा केला. अपडेटची पाटी रोज येतेय, काय करू, हे विचारायला. मी उचलला नाही. ती बिचारी रोज ‘नंतर’ दाबत राहिली. आठ महिन्यांचे अपडेट साचले, ते एका दुपारी आले आणि जे परत मिळालं असतं त्याच्यावर बसले. वेळच्या वेळी लावले असते तर निम्मं देऊळ मी काढून दिलं असतं. फाइल कुठं आहे ते तर आधीच कळलं असतं."

बाहेर रिक्षावाला कुणाशीतरी भाड्यावरून भांडत होता.

"फोन का नाही उचललात, काका?" समरानं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं.

"तुझ्या तोंडून तिचं नाव निघालं असतं," तो म्हणाला.

शिवशरणनं खुर्ची ओढून घेतली आणि बसला. "समरा, मी चुकलो. पुण्याचं मला आधी सांगायचं होतंस एवढंच."

"सांगितलं असतं तर काम दिलं असतंत, अप्पा? देवळाचं?"

"नसतं दिलं," शिवशरण खरं बोलला.

"म्हणून नाही सांगितलं. एक जानेवारीपासून जायचंय. तोवर देऊळ पुरं करते. परत पहिल्यापासून."

"आणि पुण्याहून कुणी विचारलं तर?" मल्हारनं मध्येच विचारलं.

"विचारलं तर मी सांगीन की," अक्कम्मा म्हणाली. "मला फोन लावून द्या. पोरगी चांगली हाय म्हणून कानडीत सांगते, मराठीत सांगते."

बजाबाई फिस्सकन हसली, मग समराही. शिवशरणनं करमाळ्याला फोन लावला आणि एक महिना मागून घेतला. व्यापारी तीन मिनिटं ओरडला आणि मग हो म्हणाला.

"आणि त्या रुपालीला पाठव," शिवशरण मल्हारला म्हणाला. "समरा जायच्या आत शिकून घेईल. तू मात्र दुसऱ्यांचे कागद वाचू नकोस."

"न्हाय वाचत अप्पा," मल्हार म्हणाला. "पडलं तर बगनार बी न्हाय."

७

सिद्धरामनं आता तिथं बटणाचं काम बदलून ठेवलंय. ते दाबलं तरी काही होत नाही. पण ती झाली एका ऑफिसची सोय. तीच चौकट आणखी किती ऑफिसांत, किती घरांत बंद मॉनिटरच्या मागं मोजत असेल, याचा हिशोब कुणाकडं नाही.

म्हणून त्यानं ती प्रणाली बनवणाऱ्यांना लिहिलं. त्यांची एक सार्वजनिक जागा आहे, तिथं कुणीही तक्रार नोंदवू शकतं. इंग्रजीत लिहायला त्याला दोन दिवस लागले. असली पत्रं विजयमाला लिहायची, तिची वाक्यं लहान असत. त्यानंही लहान ठेवली.

कुणी उत्तर दिलं नाही तर यंत्रानं नाही समजावं, होय समजू नये. अपडेटपुढची खूण आधीच करून ठेवू नये, ज्याला हवं तो करील. तात्पुरत्या जागेतली फाइल कुणी पुन्हा पुन्हा सेव्ह करत असेल तर त्याला एकदा सांगावं. साचलेले अपडेट एकदम लादू नयेत, थोडे थोडे बसवावेत, आणि किती वेळ लागेल ते आधी सांगावं, म्हणजे माणूस चहाला कधी उठायचं ते ठरवील. खाली त्यानं काय घडलं ते सांगितलं. अव्वांचं नाव लिहिलं नाही, पण विभूतीचं लिहिलं.

आठवड्यानं एका माणसाचं उत्तर आलं. तो कुठला, ते कळलं नाही. मुद्दे बरोबर आहेत, असं त्यानं लिहिलं होतं. असं कुणाच्या बाबतीत झालं असेल याचा विचार केला नव्हता, असंही. बदल करायला कुणीतरी पुढं यायला हवं, कारण हे काम पगारी नाही.

सिद्धराम आता दर शनिवारी शिवशरणकडे जातो. रुपाली आली आहे. ती समराच्या शेजारी बसते आणि दोघी मिळून चौकोन भरतात. अक्कम्मा वरून हाक मारते, तो जेवून घेतो. देवळाच्या पायऱ्या झाल्या आहेत, कळस राहिला आहे. मधल्या वारी ओळखीच्या नंबरांवरून फोन येतात. त्यातले काही तो उचलतो.

तक्रार त्या जागेवर उघडीच आहे. तो ती रोज सकाळी बघतो. ‘हे काम कुणाकडे आहे’ या रकान्यात अजून कुणाचं नाव नाही.